नवसाची दाढी आणि मोहाचं तेल

तीसेक वर्षं मी लोणखेड्यात लोकांच्या दाढ्या काढल्या आणि गेली आठ-दहा वर्षं त्या राखायला मदत करतो आहे. धंदा असा उलटा फिरेल, असं मला तरुणपणी कुणी सांगितलं असतं तर त्याच्या गालावरचा साबण तसाच वाळत ठेवून मी हसत बसलो असतो. माझ्या वडिलांच्या काळात चार दिवसांची दाढी घेऊन कुणी दुकानात शिरला, की ते हळूच विचारायचे, "काय रे भाऊ, घरमा काही व्हयनं का?" दाढी वाढली म्हणजे एक तर सुतक, नाहीतर आजारपण, नाहीतर श्रावण. आता दाढी काढून आलेल्या पोराला त्याचे मित्र तोच प्रश्न विचारतात.

आरशाखालच्या फळीवर पूर्वी माझ्याकडे वस्तरा, तुरटीचा खडा आणि पाण्याची वाटी एवढंच असायचं. आता तिथे दाढीचं तेल आहे, दाढीचा शांपू आहे, बाम आहे, मिशा वळवायचं मेण आहे, दोन जातीचे कंगवे आहेत. बाहेर कॉलेजचा रस्ता आहे आणि त्या रस्त्यावरून जाणारं प्रत्येक पोरगं आत डोकावून एकच विचारतं, "नाना, दाढीले काय लावू?"

उत्तर सोपं असतं तर मी पाटी रंगवून बाहेर टांगली असती. पण दाढी ही डोक्याच्या केसांची धाकटी बहीण नव्हे. तिचा केस जाड, खालची कातडी नाजूक, आणि ती बरोबर नाकाच्या खाली. म्हणून मी बाटली दाखवण्याआधी तीन प्रश्न विचारतो. दिवसभर काय करतोस? आंघोळीला पाणी कुठलं? आणि तुझ्या दाढीजवळ कोण येतं? पहिल्या दोन प्रश्नांना लोक नीट उत्तर देतात. तिसऱ्याला लाजतात, हसतात, किंवा "तुम्हले काय करनं शे नाना?" म्हणून उलट विचारतात. मला काही करायचं नसतं. पण दाढीचा वास ज्याची दाढी त्याला थोडाच वेळ येतो, नाकाला सवय होते. खरा वास येतो तो शेजारच्याला.

हा तिसरा प्रश्न मला एका होस्टेलच्या पोराने शिकवला. त्याची दाढी हनुवटीवर दाट आणि गालावर कुठे कुठे. मोबाईलवर बघून तो सकाळ-संध्याकाळ कांद्याचा रस चोळायचा. पंधरा दिवसांनी माझ्याकडे आला, "नाना, यानापेक्षा तेज काही शे का?" खुर्चीत बसला तेव्हा पुढच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्धी कटिंग टाकून पाणी प्यायला बाहेर गेलं. मी विचारलं, "अरे, तुन्हा जोडे कोन ऱ्हास?" बिचारा म्हणाला, "आते कोनीच नही. पोरेस्नी मन्ही खाट गॅलरीमा टाकी दिन्ही." मी त्याची दाढी दोन वेळा धुतली, गालावरची विरळ बाजू बारीक केली, हनुवटीला आकार दिला आणि सांगितलं, दाढी बापाकडून येते, बाटलीतून येत नाही, थोडी वाट बघ. त्याची खाट खोलीत परत गेली, एवढं मला नंतर कळलं. दाढी पुरी भरली की नाही, ते ठाऊक नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे पाणी-साबणाचं महत्त्व आमच्या विज्ञानाच्या गुरुजींनी गावाला दाखवून दिलं. गुरुजी निवृत्त झाल्यावर त्यांनी दाढी ठेवली, छातीपर्यंत, पांढरीशुभ्र. नातीच्या लग्नाच्या दिवशी, सकाळच्या हळदीत, सुनांनी आणि लेकींनी मिळून ती दाढी हळदीने माखून टाकली. गुरुजींनी हसत हसत सोसलं, मग न्हाणीत गेले, हाताला कपडे धुवायची वडी लागली, तीच दाढीवर घासली. तासाभरात लग्न लागायचं होतं आणि गुरुजी तोंडाला उपरणं गुंडाळून माझ्या दारात उभे.

"नारायण, हसू नकोस," असं म्हणून त्यांनी उपरणं सोडलं. दाढी कुंकवाच्या रंगाची झाली होती. मी हसलो. माझा नाइलाज होता.

गुरुजी खुर्चीत बसले आणि आरशातूनच मला वर्गात उभं करावं तसं म्हणाले, "सातवीत हा प्रयोग तुला करून दाखवला होता. हळदीच्या कागदावर साबणाचं पाणी टाकलं की काय होतं?"

"लाल होतो, गुरुजी."

"मग परत पिवळा कशाने होतो?"

"लिंबाने."

"बरोबर. मग बघत काय बसलास? आण."

लिंबाने दाढी लाल होती ती पिवळी झाली. तिथून पुढे गुरुजींचं विज्ञान संपलं आणि माझं सुरू झालं. हळद पाण्याने जात नाही, तेलाने सुटते. मी दाढीत गोडं तेल मुरवलं, दहा मिनिटांनी साध्या शांपूने धुतली, परत तेल, परत शांपू, आणि मग त्यांना दुकानाच्या पायरीवर उन्हात बसवलं, कारण उन्हाने हळदीचा रंग उडतो. लग्नात गुरुजींची दाढी सायीच्या रंगाची होती आणि दोन व्याह्यांनी त्यांना, कोणता कलर लावता, म्हणून विचारलं. तेव्हापासून मी येईल त्याला सांगतो: अंगाची किंवा कपड्याची वडी दाढीला लावू नका. आमचं बोअरचं पाणी आधीच जड, त्यात वडीचा खार. केस काथ्यासारखा होतो आणि खालून कोंडा झडतो.

आता ज्याच्यासाठी हा सगळा लेख लिहायला घेतला, त्या भटूकडे येतो.

भटू म्हणजे लोणखेड्याजवळच्याच एका गावचा पपईवाला शेतकरी. उंच, गोरा, बोलायला गोड. त्याच्या लग्नाची दाढीही मीच केली होती, तेव्हा गाल असा गुळगुळीत निघाला होता की मला माझ्याच हाताचा अभिमान वाटला. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी घरात मूल नव्हतं. धुळं झालं, सुरत झालं, औषधं झाली. त्या वर्षी श्रावणात त्यांच्या घरी आमच्या खानदेशची देवी कानबाई बसली, नैवेद्याचे रोट झाले, आणि कानबाई उठायच्या आधी भटूने सगळ्या भावकीसमोर हात जोडून सांगितलं की मूल होईल आणि त्याचं जाऊळ उतरेल त्या दिवसापर्यंत दाढीला लोखंड लागणार नाही. वस्तरा नाही, कात्री नाही, मशीन नाही.

दोन महिन्यांनी तो माझ्या दुकानात आला तेव्हा मी आधी ओळखलंच नाही. दोन्ही हातांनी गाल खाजवत होता.

"नाना, देवले बोलेल शे, कापता येवाव नही. पण खाजी खाजी जीव जाई ऱ्हायना. तुम्हीच काहीतरी करा."

आयुष्यभर ज्या हाताने कापलं, त्या हाताला आता न कापता दाढी सांभाळायची होती. मी कात्री उचलून पलीकडच्या फळीवर ठेवली, मोह नको म्हणून, आणि माझे प्रश्न सुरू केले. दिवसभर काय करतोस? पपई उतरवतो. इथेच पहिली गाठ सुटली. कच्ची पपई तोडली की देठातून पांढरा चीक गळतो. तो हाताला लागतो, घाम पुसताना हात दाढीला लागतो, आणि चीक दाढीत वाळून खालची कातडी खातो. आधी चीक, वर जड पाणी, वर अंगाची वडी. खाज येणार नाही तर काय होईल?

मी त्याला सांगितलं, वडी बंद. आठवड्यातून दोनदा दाढीचा शांपू, बाकी दिवशी नुसतं कोमट पाणी. शेतात जायच्या आधी दाढीला तेल, मागून नाही. आधी तेल असलं की चीक केसाला धरत नाही, पुसला की सुटतो. कंगवा कडुलिंबाच्या लाकडाचा, प्लॅस्टिकचा नको, त्याने केस उभे राहतात आणि तुटतात. "एक केस बी तुटाले नको," असं त्याने मला तीनदा बजावलं होतं. तेल मी फळीवरचं भारीतलं दिलं, चंदनाच्या वासाचं. तिसरा प्रश्न विचारायचा मी विसरलो. खरं सांगायचं तर विसरलो नाही. नऊ वर्षं मूल नसलेल्या माणसाला, तुझ्या जवळ कोण येतं, असं विचारायला माझी जीभ वळली नाही.

पंधरा दिवसांत खाज गेली. भटू दर रविवारी यायचा, मी दाढी धुवायचो, तेल लावायचो, विंचरायचो, आणि काहीही न कापता त्याला उठवायचो. बाकीची गिऱ्हाइकं चेष्टा करायची, "नाना, हाई कसी कटिंग? केस पडनाच नहीत." मी म्हणायचो, हे काम तुमच्या कटिंगपेक्षा अवघड आहे. आणि ते खरंच होतं. चार बोटं दाढी झाल्यावर तिला न कापता वळण लावायचं म्हणजे ओली असताना खालच्या अंगाला विंचरायची, बाम हातात चोळून ऊन करायचा, मग लावायचा, मग फडकं बांधून थोडा वेळ बसवायचं. फडकं बांधून बसलेला भटू दात दुखणाऱ्या माणसासारखा दिसायचा, पण उठायचा तेव्हा रुबाबदार दिसायचा.

दुसऱ्या वर्षी, पौषात असेल, तो एका सकाळी रविवार नसताना आला. चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं आणि तरी काहीतरी अडलं होतं.

"नाना, घरमा गोड बातमी शे."

मी त्याला मिठीच मारली. दुकानात होते त्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"पण मनीषा माले घरमाच येऊ नही देत," तो पुढे म्हणाला. "दाढीना वास उना की तिले उलटी व्हस."

मनीषा म्हणजे त्याची बायको, शाळेत शिकवते. तिला दिवस गेल्यापासून चंदनाचा वास सोसेना. भटू ओट्यावर जेवत होता. तिसरा प्रश्न न विचारल्याची शिक्षा त्या बिचाऱ्याला झाली. मी कपाळाला हात लावला आणि कामाला लागलो. खोबरेल दिलं, ते त्या थंडीत बाटलीतच थिजलं, शिवाय तिला तोही वास नको. मोहरीचं नाव काढताच भटूनेच नको म्हटलं. एरंडेल लावलं तर दाढी चिकट होऊन शेतातली सगळी माती तिच्यात बसली. तिळाचं तिला दोन दिवस चाललं, तिसऱ्या दिवशी नाही. तेल लावायचंच नाही म्हटलं तर परत चीक, परत खाज.

शेवटी मी भटूला म्हटलं, तिलाच विचार, तिला कोणता वास चालतो. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. मनीषाचे वडील मास्तर होते आणि तिचं लहानपण सातपुड्यातल्या मोलगी गावात गेलं होतं. तिथे थंडीत शेजारची बाई तिच्या अंगाला मोहाच्या बियांचं तेल चोळायची. तिने सांगितलं होतं, "तो वास व्हता तं मी दाढीमा तोंड घाली बसू."

मग मी मोलगीच्या बाजाराला गेलो. तरुणपणी मी त्या बाजारात झाडाखाली आरसा टांगून दाढ्या करत असे, त्यामुळे वाट पायाखालची. घाटातली जीप तशीच, माणसं एकमेकांच्या मांडीवर, आणि एकाची कोंबडी माझ्या. बाजारात एक म्हातारी, सायकीबाई, जुन्या बाटल्यांतून ते तेल विकायला बसलेली होती. पिवळट, दाट, सकाळच्या गारव्याने अर्धं थिजलेलं. मला ते बघूनच आनंद झाला. कारखान्यातला बाम याहून वेगळा तो काय असतो? हातावर चोळलं की वितळतं, केसावर बसलं की धरून ठेवतं. वास मात्र उग्र, धुराचा आणि फुलांचा मिळून काहीतरी. मी म्हातारीला विचारलं, तोंडाला लावलं तर कातडीला काही होईल का? ती आपल्या मोडक्या अहिराणीत म्हणाली, "पोराले लावतस आमी. जल्मेल पोराले." जन्मलेल्या पोराला लावतात ते बापाच्या दाढीला काय करणार? तरी मी रिवाजाप्रमाणे आधी कानामागे लावून एक दिवस थांबायला सांगितलं. नवी बाटली कुठलीही असो, आधी कानामागे, मग तोंडाला. हे मी कलेक्टरलाही सांगेन.

त्या तेलाने सगळी अडचण सुटली. भटू ओट्यावरून घरात गेला. दाढी अशी चमकू लागली की लग्नाच्या फोटोवाल्याने तिचा फोटो मागितला.

आणि इथेच माझ्या हातून नको ते झालं.

मनीषाला सहावा महिना होता. रविवारची गर्दी होती. भटूची दाढी विंचरून झाली होती आणि डाव्या कानाखाली चार-पाच केस एकत्र वळून बाहेर आले होते. मी बोलत होतो, पाऊस, पपईचा भाव, असलं काहीतरी. शेजारच्या गिऱ्हाइकाची कात्री माझ्या हातात होती. हाताने स्वतःहून केलं. कच् असा आवाज झाला. तीस वर्षांत लाख वेळा ऐकलेला आवाज, पण त्या दिवशी तो ऐकताच मी आधी भटूचा चेहरा बघितला.

भटूने डोळे मिटले होते. त्याला कळलं नाही. चार बोटं लांब, पाच केस माझ्या बोटांत होते. मी मूठ मिटली. "झालं भटू," म्हटलं. तो आरशात बघून खूश झाला आणि गेला.

ते केस मी खाली टाकू शकलो नाही. दुसऱ्यांच्या केसांत झाडून टाकायचे कसे? ते नवसाचे होते. मी ते कागदात बांधले आणि आरशामागे देवाच्या फोटोजवळ ठेवले. घरी बायकोला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "सांगी टाका त्याले." मला धीर झाला नाही. पोटुशी बाई घरात, नवसाला जपणारी सासू घरात, आणि मी जाऊन सांगू की माझ्या हातून लोखंड लागलं? काही वाईट झालं तर ते माझ्या कात्रीमुळे झालं, असं ती माणसं म्हणोत न म्हणोत, मी म्हणणारच होतो. तीन महिने भटू दारात दिसला की मी आधी त्याचा चेहरा बघायचो, मग दाढी. "घरी कसं आहे?" हा प्रश्न मी इतक्या वेळा विचारला की तोच हसून म्हणाला, "नाना, तुम्ही तं मन्ही मायपेक्षा जास्त काळजी करतस."

मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. पेढा खाताना माझा जीव भांड्यात पडला, पण कागदाची पुडी आरशामागे होतीच. आता सांगू, मग सांगू करत वर्ष गेलं. मला माझ्या धंद्यातल्या चुकांची फारशी लाज वाटत नाही, कान-गाल कापले गेले तर तुरटी असते. हे लपवल्याची मात्र वाटते.

ती मुलगी, देवू, अकरा महिन्यांची झाली तेव्हा जाऊळ ठरलं. सकाळी मी भटूच्या अंगणात पोचलो. सगळी भावकी, मामा, आत्या. मामाच्या मांडीवर देवूला बसवलं, मी तिचे मऊ केस उतरवले, आत्याने ते पदरात झेलले. देवू पहिल्यांदा रडली आणि मग बापाकडे झेपावली, त्याच्या दाढीत दोन्ही मुठी घालून शांत झाली. तिची ती रोजची जागा होती. बोलायला लागायच्या आधीच तिने दाढी धरायला शिकून घेतलं होतं.

मग भटू पाटावर बसला. समोर ताट, त्यात हळदकुंकू, केस ठेवायला. सगळे गोमाई नदीवर ते सोडायला जाणार होते. मी वस्तरा ओला केला, आणि हात थांबला. आता नाही सांगितलं तर कधीच नाही.

खिशातून पुडी काढून मी ताटाजवळ ठेवली. कधी, कसं, कोणत्या हाताने, सगळं सांगितलं. भटूने आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग आईकडे. ठरवायचं तिने होतं.

म्हातारीने पुडी उघडली. एकेक करून पाचही केस बोटावर घेतले आणि ताटात ठेवले.

"नारायण, बठ्ठा केस आठेच शेत ना?"

"आहेत माय. एकही हरवला नाही."

"मंग देवनं देवले जाई ऱ्हायनं. तू फेकी देता तं मी तुले सोडती नही." एवढं बोलून तिने मला कुंकू लावलं. "आते वस्तरा लाव. पोर भुकी व्हई गई."

माझे डोळे इतके भरले की मामाला म्हणावं लागलं, "नाना, आधी डोया पुसा, मंग वस्तरा धरा." मी डोळे पुसले. आयुष्यात एवढी सावकाश दाढी मी केली नसेल. तीनेक वर्षं वाढलेली, मोहाच्या तेलाने मऊ झालेली दाढी बटाबटांनी ताटात आली आणि खालून तोच लग्नातला गाल निघाला, फक्त थोडा पांढुरका आणि थोडा थकलेला. भटूने हात फिरवला आणि हसला. मनीषा तोंडाला पदर लावून हसत होती, तीन वर्षांपूर्वीच्या नवऱ्याकडे बघून.

"ये देवू," भटूने हात पसरले.

देवूने त्याच्याकडे पाहिलं, खालचा ओठ बाहेर काढला आणि किंचाळली. तिचा बाप कुठे गेला आणि हा कोण आला, तिला कळेना. तो जवळ गेला की ती आजीच्या मानेत शिरे. भटू "मी शे, मी शे" म्हणत होता, आवाज ऐकून ती क्षणभर थांबायची, वळून बघायची आणि पुन्हा आक्रोश. सगळे हसत होते, भटू मात्र हसत नव्हता. ज्या लेकीसाठी तीन वर्षं दाढी सांभाळली, ती लेक त्याला हात लावू देईना. त्याचा तो उघडा, केविलवाणा चेहरा बघवेना.

आणि मला माझा तिसरा प्रश्न आठवला.

पेटीत सायकीबाईच्या तेलाची बाटली होती. थोडं तेल हातावर घेतलं, चोळून वितळवलं आणि दाढी नसलेल्या त्याच्या दोन्ही गालांना लावलं, हनुवटीलाही. लोकांना वाटलं, वस्तऱ्याची आग होते म्हणून लावतोय. "आते जा," मी म्हटलं, "बोलू नको, नुसता तिन्हा जोडे बठ."

भटू आजीच्या शेजारी जाऊन बसला. देवू हुंदके देत होती. मग हुंदका मध्येच तुटला. तिने आजीच्या मानेतून नाक बाहेर काढलं. डोळे मिटलेलेच होते. ती बापाकडे वाकली, हात पुढे करून मुठी धरायला गेली, धरायला काही सापडलं नाही, तरी हात तिथेच ठेवले. मग गाल त्याच्या गालाला लावला आणि अंगठा तोंडात घातला.

भटू हललासुद्धा नाही. ओठही न हलवता मला म्हणाला, "नाना, बाटली आठेच ऱ्हाऊ द्या."

मी बाटली त्याच्या शेजारी ठेवली. आता दर महिन्याला मोलगीहून त्याच्यासाठी एक आणवतो. दाढीचं तेल नेणारी गिऱ्हाइकं माझ्याकडे पुष्कळ आहेत, पण गाल रोज गुळगुळीत करून वर दाढीचं तेल लावणारा माणूस सगळ्या तालुक्यात तेवढा एकच.